इंजिन ऑइल खाते आहे, की ऑइल दुसरीकडूनच जाते आहे?

नमस्कार. तुमचा प्रश्न नीट समजून घेण्यासाठी दोनदा वाचला. तुमच्याकडे दोन गाड्या आहेत. पहिली २०१८ची दहा टायर, बीएस-४, पावणेपाच लाख किलोमीटर चाललेली. ती कोल्हापूरजवळच्या शिरोलीतल्या फाउंड्रीतून कास्टिंग (धातूचे ओतीव भाग) भरून चेन्नईला जाते, परतीचा माल घेऊन येते आणि अशा एका फेरीत तिच्यात दोन लिटर इंजिन ऑइल भरावे लागते. मिस्त्रींनी ‘रिंगा गेल्या, हाफ इंजिन करून टाका’ (म्हणजे पिस्टनवरच्या रिंगा झिजल्या, लायनर-पिस्टन-रिंगा बदला) असे सांगितले असून खर्च दीड लाखाच्या आसपास येईल. दुसरी गाडी २०२१ची चौदा टायर, बीएस-६. तिच्यात दोन ऑइल बदलांच्या मधल्या काळात काहीच घालावे लागत नाही, उलट डिपस्टिकवरची (ऑइल मोजायच्या पट्टीवरची) पातळी थोडी चढल्यासारखी दिसते, म्हणून तुमच्या चालकांच्या मते ते इंजिन एक नंबर आहे. पहिल्या गाडीचे इंजिन उघडावे का, एवढेच तुम्ही विचारले आहे.

माझे मत आधी सांगतो आणि कारणे नंतर देतो. पहिल्या गाडीचे इंजिन आत्ता उघडू नका. दुसऱ्या गाडीचे ऑइल मात्र याच आठवड्यात तपासून घ्या. गेली सव्वीस वर्षे मी पुणे-बंगळूर रस्त्यावर चालणाऱ्या मालवाहू गाड्यांच्या देखभालीचे काम करतो आणि तुमच्या दोन गाड्यांपैकी मला काळजी वाटते ती ऑइल न खाणाऱ्या गाडीची.

याचे कारण डिझेल इंजिनच्या रचनेतच आहे. लायनरच्या (पिस्टन ज्यात वर-खाली होतो त्या नळकांड्याच्या) आतल्या भिंतीवर बारीक तिरक्या रेषांचे होनिंग केलेले असते, ते मुळात ऑइलचा पातळ थर धरून ठेवण्यासाठीच. ऑइल रिंग जास्तीचे ऑइल खरवडून खाली पाठवते, पण वरच्या रिंगेला कोरडे चालता येत नाही, म्हणून तिच्यासाठी थोडा थर मागे उरतोच. तो प्रत्येक स्फोटाच्या वेळी आगीसमोर येतो, त्यातला हलका भाग वाफ होऊन जातो आणि काही भाग जळतो. व्हॉल्व्हच्या दांड्यालाही गाइडमध्ये सरकताना असेच थोडे ऑइल लागते. त्यामुळे निरोगी इंजिनसुद्धा थोडे ऑइल खातेच. हजारो किलोमीटर चालूनही पातळी हलत नसेल, तर जेवढे ऑइल जाते आहे तेवढेच दुसरे काहीतरी चेंबरमध्ये (इंजिनच्या तळाशी ऑइल साठते त्या भागात) येते आहे, अशी शंका घ्यायला हवी. डिपस्टिक फक्त शिल्लक दाखवते. किती गेले आणि किती आले, हे ती सांगत नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. पूर्वी अठरा-वीस हजार किलोमीटरला ऑइल बदलले जात असे. आता चाळीस, साठ, काही गाड्यांत ऐंशी हजार किलोमीटरपर्यंत ऑइल चालवण्याची मुभा कंपन्या देतात. इंजिनचे खाणे तेवढेच असले, तरी दोन बदलांच्या मध्ये वरून घालावे लागणारे ऑइल आपोआप दुप्पट ते चौपट दिसते. कित्येक मालक ‘जुन्या गाडीला एवढे लागत नव्हते’ असे म्हणतात, तेव्हा जुन्या गाडीचे ऑइल कितव्या किलोमीटरला बदलत होता, एवढे विचारले की निम्मी शंका तिथेच मिटते.

आता तुमच्या दोन लिटरांचा हिशेब करू. ‘फेरीला दोन लिटर’ या आकड्यावरून मला काहीच ठरवता येत नाही, कारण फेरी म्हणजे काय ते गाडीगणिक बदलते. ऑइलचा खप डिझेलच्या खपाशी ताडून टक्क्यांत मांडावा, कारण ओव्हरलोड, घाट, टोलनाक्यावरची रांग, फॅक्टरीच्या दारात चालू ठेवलेले इंजिन या सगळ्याची नोंद डिझेलमध्ये होते, किलोमीटरमध्ये होत नाही. कोल्हापूर ते चेन्नई जाऊन-येऊन साधारण दोन हजार किलोमीटर धरू. भरलेल्या दहा टायरला लिटरमागे चार किलोमीटर मिळत असतील, तर पाचशे लिटर डिझेल लागले. पाचशेला दोन, म्हणजे ०.४ टक्के. चांगल्या स्थितीतले अलीकडचे ट्रक इंजिन ०.१ ते ०.२ टक्क्यांच्या दरम्यान असते. माझ्या वहीत ०.२च्या खालची गाडी असली तर मी फक्त नोंद ठेवतो, ०.२ ते ०.५ मध्ये असली तर कारण शोधायला लागतो आणि सलग तीन-चार फेऱ्या ०.५च्या वर राहिली तर मालकाला इंजिनकामाची तयारी ठेवायला सांगतो. या मर्यादा माझ्या कामातल्या आहेत. तुमच्या इंजिनच्या कंपनीने दिलेली मर्यादा वेगळी असू शकते आणि ती मॅन्युअलमध्ये पाहून तिलाच प्रमाण मानावे. जुन्या पिढीच्या इंजिनांत एक टक्क्यापर्यंतचा खपही चालवून घेतला जात असे, हे मी स्वतः पाहिले आहे.

म्हणजे तुमची गाडी शोध घेण्याच्या पट्ट्यात आहे, पण त्या दोन लिटरांवर विश्वास ठेवण्याआधी ते कसे मोजले हे पाहायला हवे. ऑइलच्या तक्रारी घेऊन माझ्याकडे येणाऱ्या गाड्यांत सगळ्यात मोठा घोटाळा मोजण्यातच असतो, म्हणून याबद्दल थोडे विस्ताराने लिहितो.

चालक ढाब्यावर गाडी थांबवतो, पाच मिनिटांत केबिन उचलतो, डिपस्टिक ओढतो आणि पातळी खालच्या खुणेजवळ दिसली की लिटरभर ऑइल ओततो. त्या वेळी पुष्कळ ऑइल अजून हेडमध्ये, टॅपेटच्या भागात आणि वरच्या वाटांमध्ये असते. ते खाली उतरायला वेळ लागतो, त्यामुळे पातळी असते त्यापेक्षा कमी दिसते. त्याउलट तापलेले ऑइल फुगलेलेही असते. पंधरा लिटर ऑइल ३० अंशांवरून ९० अंशांवर गेले की त्याचे आकारमान अर्ध्या लिटरहून अधिक वाढते, म्हणून घाट चढून आल्यावर अर्ध्या तासाने बघितलेली पातळी आणि सकाळी थंड इंजिनची पातळी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यात ढाब्याचे मैदान उतरते असले, तर चेंबरमधले ऑइल एका टोकाला जमून डिपस्टिक काहीही दाखवू शकते. अशा तीन चुका एकत्र झाल्या, तर न गेलेले एक लिटर ऑइल ‘गेलेले’ दिसते.

पुढे होते ते आणखी वाईट. न गेलेल्या ऑइलच्या जागी लिटरभर घातले की पातळी वरच्या खुणेच्या पुढे जाते. तेव्हा क्रँकचे वेब (खालच्या फिरत्या दांड्याची पाती) ऑइलला मारू लागतात, ऑइल घुसळून त्याचा फेस आणि धुके होते आणि ते ब्रीदरमधून (चेंबरमधली वाफ बाहेर सोडणाऱ्या वाटेने) बाहेर पडते. जास्तीचे ऑइल दोन-चारशे किलोमीटरांत निघून जाते आणि पातळी पुन्हा आपल्या मूळ जागी येते. चालकाला वाटते की लिटरभर खाल्ले, म्हणून तो पुन्हा लिटरभर घालतो. इंजिनला जितके जास्त पाजावे तितके ते जास्त पिते, असा हा फेरा वर्षानुवर्षे चालतो. मी या कामात नवा असताना अशाच एका गाडीच्या मालकाला रिंगा बदलायला सांगितले होते. ऑइल वरच्या खुणेच्या दोन बोटे वर आहे, हे इंजिन उघडायच्या दिवशी सकाळी माझ्या लक्षात आले. जास्तीचे ऑइल काढून घेतले आणि त्या गाडीची तक्रार तिथेच थांबली. तेव्हापासून पातळी स्वतः पाहिल्याशिवाय मी कोणालाही इंजिनकाम सांगत नाही.

मोजण्याची माझी रीत अशी आहे. गाडी तुमच्या अड्ड्यावर परत आली की नेहमी एकाच सपाट जागी, शक्यतो रंगाने खूण केलेल्या जागी उभी करावी. रात्रभर थंड होऊ द्यावी आणि सकाळी चालू करण्यापूर्वी डिपस्टिक पुसून दोनदा बघावी. दोन्ही वेळा पातळी सारखी आली, तरच ती लिहावी. पुढच्या ऑइल बदलाच्या वेळी आणखी एक काम एकदाच करून ठेवा: नवीन ऑइल मापाने घालत खालच्या खुणेपर्यंत आणा आणि तिथून वरच्या खुणेपर्यंत किती लिटर लागते ते लिहून ठेवा. मी हाताळलेल्या बहुतेक मध्यम आकाराच्या इंजिनांत हे अंतर तीन-चार लिटरांचे निघाले आहे, पण तुमच्या गाडीचे तुम्हीच मोजा. नवीन फिल्टर रिकामा असतो आणि पहिल्यांदा चालू केल्यावर तो स्वतःत लिटर-दीड लिटर ऑइल भरून घेतो. म्हणून ऑइल बदलल्यावर इंजिन चालू करून बंद करावे, अर्धा तास थांबून पुन्हा पाहावे आणि तेवढी भर त्याच दिवशी घालून मगच हिशेब सुरू करावा. हे केले नाही, तर पहिल्याच फेरीत फिल्टरने घेतलेले ऑइल ‘खपले’ म्हणून लिहिले जाते.

वहीत चारच रकाने हवेत: किलोमीटर, भरलेले डिझेल, सकाळची पातळी आणि मापाने घातलेले ऑइल. पातळी दोन खुणांच्या मधोमध येईपर्यंत वाटेत काही घालू नये आणि घातलेल्या कॅनचे रिकामे डबे चालकाने परत आणावेत, अशी माझ्याकडे पद्धत आहे. चालकावर अविश्वास म्हणून ती नाही, हे मी प्रत्येकाला समजावून सांगतो. रिकामा डबा हा त्याच्याच बाजूचा पुरावा असतो आणि मालकाच्या मनात शंका उरत नाही.

अशा तीन-चार फेऱ्यांच्या नोंदी झाल्यावरही आकडा ०.४च्या आसपास राहिला, तर पुढचा प्रश्न असा की हा खप हळूहळू वाढला की एकदम. याचे उत्तर तुमच्या प्रश्नात नाही आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचे तेच आहे. रिंगा आणि लायनर झिजायला लाखो किलोमीटर लागतात, त्यामुळे त्यांच्यामुळे वाढणारा खप महिन्यामहिन्याने चढतो. गेल्या दिवाळीपर्यंत काही लागत नव्हते आणि एका फेरीपासून दोन लिटर लागू लागले, असे असेल तर रिंगांचा संशय मी शेवटी घेतो. पिस्टन तुटणे किंवा रिंग मोडणे घडू शकते, पण तेव्हा धूर, आवाज आणि ताकद यांत मोठा फरक पडतो, तो लपत नाही. एकदम वाढलेला खप बहुधा बाहेरच्या एखाद्या भागाचा असतो.

त्यात पहिला भाग एअर कॉम्प्रेसर, म्हणजे ब्रेकसाठी हवा दाबून भरणारा पंप. त्याला इंजिनमधलेच ऑइल मिळते, त्यामुळे त्याच्या रिंगा झिजल्या की ऑइल हवेबरोबर ब्रेकच्या टाकीकडे जाते. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक दहा टायर आली होती. एका वर्कशॉपने तिचे लायनर-पिस्टन नवीन टाकून दोन महिने झाले होते, तरी दोन हजार किलोमीटरला तीन लिटर ऑइल लागतच होते. मालक आता पूर्ण इंजिन करायच्या तयारीत होते. गाडीखाली वाकलो तेव्हा एअर ड्रायरच्या (त्या हवेतले पाणी काढणाऱ्या डब्याच्या) तोंडाखाली चेसिसवर हाताच्या पंजाएवढा काळा, चिकट डाग दिसला. हवेच्या टाकीचा ड्रेन कॉक उघडून खाली पांढरा पत्रा धरला. आधी पाण्याचा फवारा आला, मग राखाडी फेस आणि त्यामागून चहाचा ग्लास भरेल एवढे काळे ऑइल. कॉम्प्रेसरकडून निघणारा पाइप सोडला, तर आतला कार्बन इतका जमला होता की जेमतेम करंगळी जाईल एवढीच वाट उरली होती. कॉम्प्रेसर आणि तो पाइप बदलल्यावर खप फेरीला अर्ध्या लिटरच्या खाली आला. ज्या लायनर-पिस्टनवर मालकांचे पैसे गेले, त्यांची बहुधा गरजच नव्हती आणि त्या गृहस्थांचा त्या दिवशीचा चेहरा मला अजून आठवतो. तुमच्या गाडीच्या हवेच्या टाक्यांतून सकाळी पाणी सोडताना खाली पांढरे कापड धरायला चालकाला सांगा. थोडा ओशटपणा चालतो, वाहते ऑइल चालत नाही. शिवाय हे ऑइल ब्रेकच्या व्हॉल्व्हमधले रबर फुगवते, म्हणून हा प्रश्न फक्त ऑइलच्या खर्चाचा राहत नाही.

दुसरा भाग टर्बो, म्हणजे इंजिनात दाबाने हवा भरणारा पंखा. एअर फिल्टर तुंबला की टर्बोच्या हवा ओढणाऱ्या बाजूला ओढ वाढते आणि सीलमधून ऑइल हवेत खेचले जाते. टर्बोतून चेंबरमध्ये परतणारा पाइप कार्बनने अरुंद झाला, तरीही ऑइल साचून सीलवाटे बाहेर येते. म्हणून टर्बो बदलण्याआधी फिल्टर आणि परतीचा पाइप बघावा, नाहीतर नवीन टर्बोही तेच करेल. इंटरकूलरचा (ती हवा थंड करणाऱ्या जाळीचा) खालचा पाइप सोडून बघा: आत बोटाला लागेल एवढा थर नेहमीचा असतो, पण पाइप तिरपा केल्यावर ऑइल ओघळले, तर टर्बो किंवा ब्रीदर यांपैकी एकाकडे काम आहे.

तिसरी साधी गळती, आणि तिला कोणी महत्त्व देत नाही. रिअर ऑइल सील, चेंबरचे पॅकिंग, टॅपेट कव्हर, ऑइल कूलर अशा जागांतून येणारे ऑइल चालत्या गाडीत वाऱ्याने मागे उडते, त्यामुळे उभ्या गाडीखाली मोठे डबके दिसत नाही. एक मिलिलिटरमध्ये वीस-पंचवीस थेंब बसतात. तुमची गाडी एका फेरीत पन्नास तास चालते असे धरले, तर दर चार सेकंदांना एखादा थेंब गळूनही तुमचे दोन लिटर पूर्ण होतात. इंजिन पाण्याने स्वच्छ धुऊन घ्या, दोनशे किलोमीटर चालवा आणि टॉर्च घेऊन खालून बघा. जिथून ओलेपणा सुरू होतो, ती सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची जागा शोधायची.

हे तिन्ही मार्ग स्वच्छ निघाले, मगच मी इंजिनच्या आत बघतो. बीएस-४ गाडीत धूर अजून आपल्याला माहिती देतो. सकाळी पहिल्यांदा चालू केल्यावर निळसर धूर येऊन दोन मिनिटांत गेला, तर व्हॉल्व्हच्या दांड्यावरचे सील बघायचे. खंबाटकीसारखा चढ भरलेल्या गाडीने चढताना सतत निळा धूर असेल, तर संशय रिंगांकडे जातो. लांब उतार संपल्यावर ॲक्सिलेटर दाबताच एकदाच निळा लोट आला, तर गाइड किंवा टर्बो. काळा धूर हा डिझेल आणि हवेचा प्रश्न आहे, ऑइलचा नव्हे, हेही मिस्त्रींशी बोलताना लक्षात ठेवा.

यानंतर ब्लो-बाय, म्हणजे रिंगांना चुकवून चेंबरमध्ये उतरणारा वायू. इंजिन गरम असताना, स्लो (ॲक्सिलेटर न दाबता) चालू ठेवून, ऑइल भरायचे झाकण सैल करून तोंडावर नुसते ठेवले आणि ते नाचून खाली पडले किंवा तोंडातून धुराचा जोरदार झोत आला, तर दाब वाढलेला आहे. हा ढोबळ अंदाज झाला. नीट मोजायचे तर पाण्याच्या नळीचा मॅनोमीटर (दाबमापक) जोडून कंपनीच्या आकड्याशी ताडावे. यातही एक खबरदारी घ्यावी लागते: झिजलेला कॉम्प्रेसर आणि टर्बोसुद्धा चेंबरमध्ये हवा सोडतात. कॉम्प्रेसरचा बाहेर जाणारा पाइप सोडून पुन्हा मोजले आणि दाब एकदम उतरला, तर दोष रिंगांचा नाही. ही दहा मिनिटांची चाचणी न करता हाफ इंजिन सांगणे मला योग्य वाटत नाही.

तुमची गाडी फाउंड्रीच्या आवारात उभी राहते, म्हणून एक वेगळी विनंती. फाउंड्रीतली वाळू सिलिका असते आणि तिची धूळ रिंगा-लायनरला पॉलिशपेपरसारखी घासते. फिल्टर चांगला असूनही त्यापुढच्या रबरी पाइपचा क्लॅम्प ढिला असेल किंवा पाइपला बारीक चीर असेल, तर धूळ थेट आत जाते. पाइपच्या आतून पांढरे कापड फिरवा, त्यावर खरखरीत धूळ आली तर ती वाट आधी बंद करा. वापरलेल्या ऑइलची प्रयोगशाळेत तपासणी करून घेतली आणि त्यात सिलिकॉनबरोबर लोह व क्रोमियम वाढलेले दिसले, तर धुळीने झीज होते आहे असे समजावे. मग मिस्त्रींचे म्हणणे खरेही ठरू शकेल. पण धुळीची वाट तशीच ठेवून नवीन रिंगा टाकल्या, तर त्या वर्षभरात जुन्यांच्या पंगतीला बसतील.

पैशांच्या बाजूनेही विचार करा. लिटरला सव्वातीनशे रुपये धरले, महिन्याला पाच फेऱ्या धरल्या, तर वर्षाला साठ फेऱ्या होतात. नवीन रिंगांचे इंजिनही फेरीला अर्धा लिटर खाणारच, म्हणजे वाचणार ते दीड लिटर. वर्षाची बचत जेमतेम तीस हजारांची होते. दीड लाख खर्च केवळ ऑइलच्या बचतीतून निघायला पाच वर्षे लागतील आणि तोवर गाडीची परिस्थिती पूर्ण बदललेली असेल. इंजिनकाम मी तेव्हाच सांगतो, जेव्हा खपाबरोबर ॲव्हरेज उतरलेले असते, चढावर ताकद कमी पडते, ब्लो-बाय मर्यादेबाहेर असतो किंवा खप दोन-तीन महिन्यांत दुप्पट होतो. एका आकड्यापेक्षा त्याचा कल महत्त्वाचा आहे. ०.४वर तीन वर्षे स्थिर राहिलेली गाडी मला चालते. ०.१वरून सहा महिन्यांत ०.३वर आलेली गाडी मी बाजूला घेतो.

पुढेमागे काम करावेच लागले, तर पहिल्या दोन-तीन हजार किलोमीटरांकडे लक्ष द्या. नवीन रिंगा लायनरवर बसायला दाब लागतो, म्हणून गाडी मध्यम भार देऊन चालवावी. तासन् तास स्लो चालू ठेवली, तर लायनरवर चकाकी येते, रिंगा बसत नाहीत आणि नवीन इंजिन पहिल्या दिवसापासून ऑइल खाते. खप झाकण्यासाठी कंपनीने सांगितलेल्या ग्रेडपेक्षा जाड ऑइल घालण्याचा सल्लाही तुम्हाला कोणीतरी देईल. तो मानू नका, कारण थंड इंजिनमध्ये जाड ऑइल वरच्या भागांपर्यंत उशिरा पोहोचते.

आता दुसरी गाडी. बीएस-६ नियम १ एप्रिल २०२०पासून लागू झाले आणि त्यासोबत डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, ट्रकमध्ये आला. त्यात साचलेली काजळी ठरावीक काळाने उष्णतेने जाळावी लागते, त्याला रिजनरेशन म्हणतात. ही उष्णता निर्माण करण्यासाठी काही इंजिनांत स्फोटानंतर उशिरा थोडे जादा डिझेल सिलिंडरमध्येच सोडले जाते. त्यातले थोडे लायनरच्या भिंतीवर चिकटून रिंगांच्या बाजूने खाली चेंबरमध्ये उतरते. काही इंजिनांत हे डिझेल सायलेन्सरच्या पाइपमध्ये वेगळ्या इंजेक्टरने सोडतात, तिथे हा त्रास कमी असतो, त्यामुळे तुमच्या इंजिनची पद्धत कोणती हे कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारा. गाडी जवळपासच्या फेऱ्यांवर असेल किंवा रिजनरेशन चालू असताना चालक वारंवार इंजिन बंद करत असेल, तर काम अर्धवट राहते, पुन्हा सुरू होते आणि दर वेळी आणखी डिझेल खाली जाते. इंजेक्टर गळत असेल किंवा डिझेल पंपाचे सील गेले असेल, तरीही पातळी चढते. कूलंट कमी होत असेल, तर ऑइल कूलर किंवा हेड गॅस्केट यांचाही विचार करावा लागतो, म्हणून रेडिएटरची पातळीही वहीत लिहा.

डिझेल मिसळलेले ऑइल पातळ होते आणि त्याचा थर बेरिंग वाचवू शकत नाही. त्याला कधी मोठा आवाज किंवा धूर नसतो, डिपस्टिक भरलेली दिसते आणि एके दिवशी बेरिंग क्रँकला धरते. घरच्या घरी पाहण्यासारखी एक खूण सांगतो. गरम इंजिनच्या डिपस्टिकवरचा एक थेंब टिपकागदावर टाका आणि कागद आडवा ठेवून काही तास राहू द्या. मध्ये काजळीचा काळा ठिपका, त्याभोवती तपकिरी कडे एवढेच असेल तर ठीक. त्याच्याही बाहेर कागद पारदर्शक दिसेल असे रुंद, फिकट कडे आले आणि त्याला डिझेलचा वास असेल, तर डिझेल मिसळले आहे. ही केवळ सूचना समजा. ऑइलचा नमुना प्रयोगशाळेत देऊन घट्टपणा आणि डिझेलचे प्रमाण तपासून घ्या. तीन-चार टक्क्यांच्या पुढे डिझेल निघाले की मी किलोमीटर न पाहता ऑइल बदलतो आणि मग कारण शोधतो. नुसते ऑइल बदलून थांबलो, तर दोन महिन्यांत तीच वेळ येते.

याच गाडीबद्दल आणखी एक. डीपीएफ असलेल्या गाडीत इंजिन ऑइल खात असले, तरी निळा धूर बहुधा दिसत नाही, फिल्टर तो आत अडवतो. काजळी जळून जाते, पण ऑइलमधल्या कॅल्शियम, झिंक यांसारख्या धातूंची राख जळत नाही, ती फिल्टरमध्ये कायमची साचते. एपीआय सीके-४ (डिझेल इंजिन ऑइलचा एक ग्रेड) ऑइलमध्ये या राखेची मर्यादा एक टक्का आहे, म्हणजे एक लिटर ऑइल जळले की सुमारे आठ-नऊ ग्रॅम राख. सीके-४च्या जागी स्वस्त मिळते म्हणून जुन्या ग्रेडचे जास्त राखेचे ऑइल घातले, तर हा फिल्टर वेळेआधीच भरतो आणि त्याची साफसफाई किंवा बदल हा खर्च ऑइलच्या बचतीपेक्षा कितीतरी मोठा असतो. तुमच्या अड्ड्यावर दोन्ही गाड्यांसाठी एकच बॅरल असेल, तर त्यावरचा ग्रेड आजच वाचून घ्या.

तेव्हा आता असे करा. बीएस-६ गाडीचा ऑइलचा नमुना याच आठवड्यात तपासणीला द्या आणि निकाल येईपर्यंत तिला लांबच्या फेरीवर पाठवू नका. तिची पातळी वरच्या खुणेच्या पुढे असेल, तर ऑइल आणि फिल्टर लगेच बदला, पण नमुना आधी काढून ठेवा. दहा टायरच्या पुढच्या तीन फेऱ्या वर सांगितल्याप्रमाणे मोजा, हवेच्या टाक्या पांढऱ्या कापडावर सोडून बघा आणि मिस्त्रींना कॉम्प्रेसरचा पाइप सोडून ब्लो-बाय पाहायला सांगा. त्यांना अनुभव असणार, त्यांचा अंदाज खराही असू शकेल, पण त्यांनी तो कशावरून काढला हे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. नोंदी हाती आल्या की इथेच लिहा: फेरीनिहाय डिझेल, घातलेले ऑइल, खप कोणत्या महिन्यापासून वाढला आणि त्याच्या आसपास गाडीचे दुसरे कोणते काम झाले होते. शेवटची गोष्ट नक्की आठवून लिहा, कारण अशा तक्रारी कित्येकदा एखाद्या साध्या कामानंतर, एअर फिल्टर बदलताना सैल राहिलेल्या क्लॅम्पपासून सुरू झालेल्या मी पाहिल्या आहेत.